इंजिन बदललं, मग क्लचचं बेअरिंग कुठलं घ्यायचं?

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरं इंजिन बसवायचं ठरलं की सगळं लक्ष मोठ्या गोष्टींकडे जातं. इंजिन बॉनेटखाली मावेल का, माउंटिंग कुठे येतील, एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याला लागेल का, वायरिंगचं काय करायचं. क्लचच्या रिलीज बेअरिंगची आठवण येते ती अगदी शेवटी, सुटे भाग मागवताना. तेव्हाही दुकानदार विचारतो 'गाडी कुठली?', आपण नाव सांगतो आणि डबा घेऊन घरी येतो.

तळहातावर मावणारा हा भाग चुकीचा निघाला तर मात्र त्याची किंमत मोठी असते. तो बदलायला किमान गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये क्लचपर्यंत पोचायला इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि जॅग्वार ई-टाइपमध्ये इंजिन-गिअरबॉक्स दोन्ही एकत्र उचलावे लागतात. अर्ध्या तासाच्या मोजमापाचा कंटाळा केला म्हणून दोन दिवसांचं काम पुन्हा पहिल्यापासून करताना मी चांगल्या, अनुभवी माणसांना पाहिलंय. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी हा भाग करतो काय ते पाहू. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाचं जड चाक, इंजिनबरोबर फिरतं. त्याच्यावर प्रेशर प्लेटचं कव्हर बोल्टने आवळलेलं असतं आणि दोघांच्या मधे क्लच प्लेट घट्ट दाबून धरलेली असते. हा दाब देतो डायफ्रॅम. ही स्प्रिंगच्या पोलादाची, किंचित शंकूसारखी चकती. तिच्यात मध्याकडे जाणारी लांब बोटं कापलेली असतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकून या बोटांची टोकं दाबतं, डायफ्रॅम उलटा कलतो आणि क्लच प्लेट मोकळी होते. बोटं इंजिनच्या वेगाने फिरत असतात, बेअरिंगला ढकलणारा फोर्क मात्र फिरत नाही. फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या भागांच्या मधे उभं राहून दाब पोचवणारा हा दुवा आहे.

यातून जे कळतं त्यावर पुढचं सगळं उभं आहे: बेअरिंगची पुढची बाजू प्रेशर प्लेटशी जुळली पाहिजे आणि मागची बाजू गिअरबॉक्सशी. गाडीच्या नावाशी त्याचा संबंध नाही, इंजिनाच्या नावाशीही नाही. कारखान्यातून निघालेल्या गाडीत गाडी, इंजिन, कव्हर आणि गिअरबॉक्स हे सगळं ठरलेलं असतं, म्हणून नाव सांगून भाग मिळतो. इंजिन बदललं की ती साखळी तुटते. आता फ्लायव्हील एका गाडीचं, कव्हर दुसऱ्या गाडीचं, गिअरबॉक्स तिसऱ्या गाडीचा, आणि कुठल्याच यादीत हे त्रिकूट सापडत नाही.

सर्वांत आधी क्लच ढकलून सुटतो की ओढून, हे बघायचं. वर सांगितला तो ढकलण्याचा प्रकार. दुसऱ्या प्रकारात बेअरिंग डायफ्रॅमच्या मध्यात अडकवलेलं असतं आणि फोर्क ते गिअरबॉक्सच्या दिशेने ओढतो. दोन्हींची कव्हरं वेगळी, बेअरिंगं वेगळी, फोर्कचा टेकूही वेगळ्या बाजूला. इथे अदलाबदल शक्यच नसते. फसगत होते ती गिअरबॉक्सचं नाव एकच असल्यामुळे. टी५६ हा सहा गिअरचा गिअरबॉक्स जुन्या गाड्यांत व्ही-८ बसवणाऱ्यांचा लाडका. शेव्हरोले कॅमेरोमध्ये १९९३ ते १९९७ या काळात एलटी१ इंजिनामागे आलेला टी५६ ओढण्याच्या क्लचचा आहे, त्याला बाहेर स्लेव्ह सिलिंडर (पेडलकडून आलेल्या तेलाच्या दाबाने फोर्क हलवणारा) आणि आत फोर्क आहे. १९९८ पासून एलएस१ इंजिनामागे आलेला टी५६ ढकलण्याच्या क्लचचा, आणि त्यात फोर्कच नाही. 'टी५६ चं क्लच बेअरिंग द्या' या वाक्याला म्हणूनच काही अर्थ उरत नाही. निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या आर३२ मॉडेलमध्ये तर एकाच मॉडेलच्या आयुष्यात बदल झाला. सुरुवातीच्या गाड्यांत ढकलण्याचा क्लच होता, १९९३ पासून ओढण्याचा आला. या गाडीचं आरबी२६ इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवले असतील, तर दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय क्लच किट मागवू नये.

प्रकार कळला की बेअरिंगचा चेहरा, म्हणजे बोटांना भिडणारी बाजू. काही डायफ्रॅमच्या बोटांची टोकं बाहेरच्या बाजूला वाकवून गोलसर केलेली असतात. त्यांना सपाट चेहऱ्याचं बेअरिंग लागतं. काहींची बोटं टोकापर्यंत सरळ असतात, त्यांना गोलाई दिलेल्या चेहऱ्याचं. दोघांपैकी एक गोल हवा आणि एक सपाट, म्हणजे डायफ्रॅम कलत जाईल तसा स्पर्श घरंगळत राहतो. दोन्ही सपाट असले तर बेअरिंगची धार बोटांवर चढते आणि थोड्याच दिवसांत तिथे चर पडतो. दोन्ही गोल असले तर स्पर्श एका बारीक रेषेवर येतो आणि तेवढीच जागा झिजत जाते. जुनं कव्हर उघडल्यावर बोटांच्या टोकांवरची चमकदार पट्टी जरूर बघा. ती सगळ्या बोटांवर सारख्या रुंदीची आणि मध्यापासून सारख्या अंतरावर असेल तर बेअरिंग मधोमध बसत होतं. एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला बारीक दिसली, तर बेअरिंग तिरकं चालत होतं किंवा गिअरबॉक्स इंजिनाच्या मध्याशी जुळलेला नव्हता. अॅडॅप्टर प्लेट (एकाचं इंजिन दुसऱ्याच्या गिअरबॉक्सला जोडणारी मधली प्लेट) लावून केलेल्या कामात ही पट्टी खूप काही सांगते.

जुन्या ब्रिटिश गाड्यांची इथे वेगळी गोष्ट आहे. एमजीबी, मिजेट, ई-टाइप यांच्यात गोळ्यांचं बेअरिंग नव्हतंच. ओतीव लोखंडाच्या वाटीत बसवलेलं ग्रॅफाइटचं कडं होतं. ते फिरत नाही, घासतं. फिरणाऱ्या बोटांवर ग्रॅफाइट थेट घासलं तर खडूसारखं संपेल, म्हणून त्या कव्हरच्या मध्यावर बोटांच्या पुढे एक गुळगुळीत सपाट चकती असते आणि ग्रॅफाइट तिच्यावर टेकतं. पेडलवरून पाय काढला की दोघांच्या मधे फट राहिलीच पाहिजे. ही रचना साधी आहे आणि तिच्या जागी उत्तम चालते. पण एमजीबीत दुसरं इंजिन आलं, त्याच्याबरोबर नव्या घडणीचं, चकती नसलेलं कव्हर आलं, आणि गिअरबॉक्सच्या बाजूला जुना फोर्क ग्रॅफाइटसकट तसाच राहिला, तर बोटांची टोकं ग्रॅफाइट कापून काढतात. पहिले काही दिवस सगळं ठीक वाटतं, पेडलही हलकं लागतं. मग क्लच हळूहळू खाली सुटायला लागतो आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाच्या, तळाशी काळी पूड साठते. अशी पूड दिसली की गाडी चालवणं थांबवा. ग्रॅफाइट संपल्यावर लोखंडाची वाटी बोटांना भिडते, आणि मग कव्हरही फुकट जातं.

याच्या उलट चूकही होते. आजची बरीचशी गोळ्यांची बेअरिंगं बोटांना सतत हलकी टेकलेली राहावीत म्हणून बनवलेली असतात. ती फिरतच राहतात आणि इंजिनाच्या मध्याशी आपली आपण जुळतात. जुन्या पद्धतीची गोळ्यांची बेअरिंगं मात्र काम नसताना मागे हटून थांबण्यासाठी असतात, आणि त्यांना मागे ओढायला फोर्कला स्प्रिंग असते. स्लेव्ह सिलिंडरच्या आत ढकलणारी स्प्रिंग आहे की फोर्कवर बाहेरून मागे ओढणारी स्प्रिंग आहे, ते बघून बेअरिंग कुठल्या जातीचं हवं ते ठरवा. सतत टेकणारं बेअरिंग मागे ओढून ठेवलं, तर दर वेळी पेडल दाबताना ते थांबलेल्या स्थितीतून एकदम इंजिनाच्या वेगाला जातं, आणि त्या घसरण्यात त्याचा चेहरा झिजतो. जुन्या जातीचं बेअरिंग सतत टेकवून ठेवलं, तर ग्रीस तापतं आणि बेअरिंग घरघरायला लागतं.

मागच्या बाजूचं मोजमाप सोपं आहे, म्हणून थोडक्यात. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती, म्हणजे क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याभोवती, एक नळी असते आणि बेअरिंग तिच्यावरून पुढे-मागे सरकतं. बेअरिंगचा आतला व्यास त्या नळीशी जुळलाच पाहिजे. टी५ हा गिअरबॉक्स फोर्डमध्येही आला आणि जनरल मोटर्समध्येही, पण फोर्डची नळी १.४३७५ इंचांची आणि जनरल मोटर्सची १.३७५ इंचांची. फरक दीड मिमीच्या आसपास. लहान नळीवर मोठं बेअरिंग आरामात चढतं आणि हाताला बरोबर बसल्यासारखंही वाटतं. मग गाडीत ते एका बाजूला कलून सरकतं, अडकतं आणि पेडलला झटके देतं. व्हर्नियरने मोजा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. जुनी नळी अॅल्युमिनियमची असेल आणि तिच्यावर नखाला जाणवेल असा ओरखडा असेल, तर पोलादाची नळी घ्या.

आता लांबी. सगळ्यात जास्त गाड्या अडकतात त्या इथे.

बेअरिंग चेहऱ्याने जुळतं, नळीवर बरोबर बसतं, तरी काही मिमी लांब किंवा आखूड असलं की क्लच चालत नाही. शेव्हरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आलं आणि तेव्हापासून ते असंख्य गाड्यांत बसवलं गेलं. त्याच्यामागे चालणारी बेअरिंगं दोन लांबींत मिळतात: आखूड सव्वा इंचाचं आणि लांब १ पूर्णांक ७/८ इंचांचं. व्यास तोच, फोर्कही तोच. वाकवलेल्या बोटांच्या डायफ्रॅमला आखूड लागतं, कारण तिथे टोकं गिअरबॉक्सच्या बाजूला पुढे आलेली असतात. सरळ बोटांच्या डायफ्रॅमला आणि तीन तरफांच्या जुन्या क्लचला लांब लागतं. गाडी तीच, इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच असला, तरी नुसतं कव्हर बदललं की बेअरिंग बदलावं लागतं.

डॅटसनच्या झेड गाड्यांत हा हिशेब अगदी स्वच्छ दिसतो. माझ्या मित्राच्या २४०झेडमध्ये आम्ही २८०झेडचं एल२८ इंजिन घातलं. २.४ लिटरच्या जागी २.८ लिटर, त्याच घराण्यातलं इंजिन, त्यामुळे जुना गिअरबॉक्स सरळ बसला. या गाड्यांत बेअरिंग एका कॉलरवर दाबून बसवलेलं असतं आणि फोर्क कॉलरच्या कानांना ढकलतो. मॉडेलगणिक २२५ मिमी आणि २४० मिमी असे वेगवेगळे क्लच आले, त्यांच्या कव्हरांची उंची वेगळी, म्हणून कॉलरही वेगवेगळ्या लांबीचे. आमच्याकडे कव्हर एका मॉडेलचं होतं आणि कॉलर दुसऱ्या. बाहेरून बघून कुणाला शंका आली नसती.

गाडी सुरू केली. पेडल निम्म्यापर्यंत जाईतो काहीच घडेना, आणि जमिनीला टेकवलं तरी पहिला गिअर कडाकडा वाजतच पडायचा. दोन वेळा क्लचच्या तेलातली हवा काढली, पेडलला जोडलेला, तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलला. शेवटी गाडीखाली शिरून फोर्कभोवतीचा रबरी बूट सरकवला आणि बेल हाउसिंगच्या खिडकीतून फोर्क बघितला. तो आधीच पुढच्या बाजूला झुकलेला होता, स्लेव्हचा पिस्टन विश्रांतीच्या वेळीच निम्म्याहून जास्त बाहेर आलेला होता. पुढे ढकलायला त्याच्याकडे जागाच उरली नव्हती.

झेडवाल्यांमध्ये ९२ मिमीचा नियम प्रसिद्ध आहे. क्लच प्लेट आत ठेवून कव्हर पूर्ण आवळायचं आणि फ्लायव्हीलच्या घासणाऱ्या पृष्ठभागापासून बोटांच्या टोकांपर्यंतचं अंतर मोजायचं. त्यात बेअरिंगच्या चेहऱ्यापासून कॉलरवर फोर्क टेकतो तिथपर्यंतची लांबी मिळवायची. बेरीज ९२ मिमीच्या जवळ आली पाहिजे. आमची ८८ आली. चार मिमी म्हणजे दोन नाण्यांची जाडी, आणि तेवढ्यासाठी गिअरबॉक्स खाली आला. बरोबर लांबीचा कॉलर घातल्यावर त्याच मास्टर सिलिंडरने क्लच सुरेख चालला. बेरीज ९२ च्या बरीच वर गेली असती तर उलटं झालं असतं. फोर्क मागे रेटला गेला असता, स्लेव्हचा पिस्टन तळाला टेकला असता, बेअरिंग बोटांना कायम दाबत राहिलं असतं आणि क्लच घसरला असता.

झेडला तयार आकडा आहे. आपल्या मिश्र जोडणीला आकडा आपणच काढायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे असतानाच तीन मापं घ्या. पहिलं माप बेल हाउसिंगचं: इंजिनला जोडणाऱ्या काठावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा, बेअरिंग पूर्ण मागे ढकला आणि पट्टीपासून बेअरिंगच्या चेहऱ्यापर्यंतची खोली मोजा. दुसरं माप इंजिनचं: ब्लॉकच्या मागच्या काठापासून बोटांची टोकं किती बाहेर आली आहेत. कव्हर ठरलेल्या टॉर्कने आवळलेलं आणि क्लच प्लेट नवी हवी. नुसतं कव्हर हातात धरून घेतलेलं माप खोटं येतं, कारण आवळल्यावर बोटांचा कोन बदलतो. तिसरं माप अॅडॅप्टर प्लेटची जाडी.

समजा खोली ६२.५ मिमी आली, बोटं ५८ मिमी बाहेर आली आणि प्लेट १० मिमीची आहे. ६२.५ अधिक १०, वजा ५८, म्हणजे बेअरिंग आणि बोटं यांच्यात १४.५ मिमीची फट. अॅडॅप्टर प्लेटने गिअरबॉक्स मागे सरकवला आणि ती जाडी थेट या फटीत आली. प्लेटबरोबर बेअरिंगचा विचार झाला नाही तर नेमकं हेच घडतं.

ही फट शून्य करायची नाही, हेही तेवढंच महत्त्वाचं. क्लच प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि बोटांची टोकं उलट, बेअरिंगच्या दिशेने मागे येतात. डायफ्रॅम तरफेसारखा चालत असल्यामुळे प्लेट एक मिमी झिजली तर टोकं साधारण तिप्पट मागे येतात. त्यांना यायला जागा ठेवली नाही, तर नव्या क्लचसकट चालणारी गाडी काही महिन्यांनी घसरायला लागते, आणि माणूस क्लच प्लेटला दोष देतो.

फोर्कच्या गिअरबॉक्समध्ये ही फट कमी-जास्त करायला लांब कॉलर, लांब बेअरिंग किंवा फोर्क ज्या गोळ्यावर टेकतो तो उंच-ठेंगणा गोळा असे उपाय असतात. माझं मत लांब बेअरिंगकडे झुकतं. गोळा उंच केल्याने फोर्कचा कोन बदलतो आणि बेल हाउसिंगच्या खिडकीत तो कडेला लागू शकतो.

फोर्क नसलेल्या रचनेत बेअरिंग आणि स्लेव्ह सिलिंडर एकाच घडणीत इनपुट शाफ्टभोवती बसतात. इंजिन बदलताना हा पर्याय आकर्षक आहे, कारण फोर्क, गोळा, खिडकी यांचा सगळा गुंता जातो. पण याच्यात फट चुकली तर शिक्षा मोठी. वरच्या उदाहरणात १४.५ मिमीची फट पार करून वर क्लच सोडवायला आणखी १० मिमी, म्हणजे पिस्टनला २४.५ मिमी बाहेर यावं लागेल. त्याची मर्यादा २० मिमी असली तर सील बाहेर निघतं आणि सगळं तेल बेल हाउसिंगमध्ये, क्लच प्लेटवर. म्हणून बनवणाऱ्याने सांगितलेली फट ठेवायची आणि उरलेलं अंतर मागे स्पेसर घालून भरायचं. सांगितलेली फट ४ मिमी असेल तर इथे १०.५ मिमीचा स्पेसर लागेल. स्पेसरचे दोन्ही पृष्ठभाग समांतर हवेत. मशीनवर काढलेलाच घ्या, वॉशरची चळत नको.

शेवटचा हिशेब तेलाचा. मास्टर सिलिंडर जेवढं तेल ढकलतो तेवढंच बेअरिंग सरकतं. पाऊण इंच व्यासाच्या मास्टरचं क्षेत्रफळ २८५ चौरस मिमी. पेडलने पिस्टन ३० मिमी सरकला तर ८,५५० घन मिमी तेल जातं. शाफ्टभोवतीच्या स्लेव्हचं क्षेत्रफळ ७८० चौरस मिमी असेल तर बेअरिंग सुमारे ११ मिमी सरकेल, काम होईल. त्याच गाडीत जुना ५/८ इंचांचा मास्टर ठेवला तर क्षेत्रफळ १९८ वर येतं आणि बेअरिंग जेमतेम साडेसात मिमी सरकतं. क्लच अर्धवट सुटतो, गिअर वाजतात, आणि बेअरिंग निर्दोष असूनही तेच बदललं जातं. मास्टर गरजेपेक्षा मोठा घेतला तर पेडल जड होतं आणि बेअरिंग डायफ्रॅमला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलतं, म्हणून पेडलला थांबा लावावा.

सगळं जोडून झालं की एक्झॉस्ट आणि प्रोपेलर शाफ्ट लावण्याआधी ही तपासणी करा. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये. एकाने पेडल हळूहळू दाबायचं आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट हाताने फिरवत राहायचं. क्लच लागलेला असताना तो हलत नाही. ज्या क्षणी मोकळा फिरायला लागेल तिथे पेडल थांबवा आणि जमिनीपासून त्याची उंची मोजा. पेडलच्या प्रवासाच्या मधल्या भागात कुठेतरी तो सुटला पाहिजे. अगदी तळाशी सुटत असेल तर तेल गरम झाल्यावर सुटणार नाही. हे माप, फटीची तिन्ही मापं, कव्हरचा आणि बेअरिंगचा भाग क्रमांक एका कागदावर लिहा आणि गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी क्लच बदलणारा माणूस गाडीचं नावच सांगणार आहे, आणि त्या नावाखाली हे बेअरिंग कुठल्याही यादीत नाही.